सातवा रकाना

सकाळचे नऊ, आणि पुन्ता अरेनासमध्ये अजून मिट्ट काळोख.
जुलैतला वारा इस्पितळाचं दार बाहेरून रेटून धरतो,
आत शिरायला खांदा लावावा लागतो.
तळमजल्यावर, जिथे पूर्वी एक्सरेच्या फिल्मा वाळत,
तिथे आम्ही सहा जणी, सहा वॉर्डांच्या प्रमुख,
कानांत हेडफोन, समोर पडदा,
भांडायला शिकतोय.

म्हणजे, न भांडायला.
सान्तियागोहून आलेला पोरगा त्याला संघर्ष-संवाद म्हणतो.
त्याच्या बुटांना अजून इथला चिखल लागलेला नाही.

पहिल्या दिवशी पडद्यावरचा सर्जन माझ्यावर ओरडला.
मी ओरडून घेतलं. एकवीस वर्षांची सवय.
यंत्राने नोंदवलं: सहानुभूती एकाहत्तर,
स्पष्टता अठ्ठावन्न,
चार सेकंदांचं मौन, कारण अज्ञात.
त्या चार सेकंदांत मी काय केलं ते सांगते:
गिळलं.
जिभेला हाड नसतं म्हणतात,
याला तर जीभच नाही,
तरी बोट नेमकं दुखऱ्या जागी.

दुसऱ्या दिवशी पोरगा म्हणाला, आता खरं माणूस घाला,
ज्याच्याशी बोलायचं तुम्ही टाळताय ते.
मी लिहिलं: नेलिदा ओयार्सो. रात्रपाळी. वय त्रेचाळीस.
चिलोए बेटावरची.
उशिरा येते. उलट बोलते.
औषधांच्या गाडीची किल्ली खिशात घालून घरी गेली, दोनदा.
मार्चपासून मला सेन्योरा म्हणते,
आधी नावाने हाक मारायची.
रकाने भराभर भरले.
सातवा होता: या व्यक्तीला कशाची भीती वाटते?

कर्सर लुकलुकत राहिला.
बावीस जणींच्या रजा मला पाठ आहेत,
कुणाला पेनिसिलिन चालत नाही, कुणाची कंबर गेलीय,
कुणाचा नवरा बोटीवर, आणि किती दिवस.
मी "माहीत नाही" लिहिलं. यंत्र म्हणालं, अधिक तपशील द्या.
मी "माझी" लिहिलं,
आणि खोडलं.

रिकामा सोडूनच पुढे गेले.
मग यंत्राने एक नेलिदा बेतली
मी दिलेल्या मापाची.
तिच्याशी अकरा वेळा बोलले.
अकराव्या वेळी ब्याण्णव गुण,
आणि ती म्हणाली, माझं म्हणणं ऐकून घेतलंत, मी आभारी आहे.
नेलिदा मेली तरी असं बोलणार नाही.
पोरग्याने टाळ्या वाजवल्या.

रात्री ती कपड्यांच्या खोलीत चादरी मोजत होती.
मी घोकलेलं पहिलं वाक्य टाकलं:
मला जे दिसलं ते सांगते, मग तुझं ऐकते.
चौदा, ती म्हणाली. पंधरा.
"हे तळमजल्यावरचं ना, सेन्योरा?" सोळा.

मला हसू आलं. तिला नाही.
मग घोकलेलं सगळं निसटलं,
आणि तोंडाला येईल तसं, वाकडंतिकडं विचारलं:
तुला भीती कशाची वाटते, नेलिदा?

चार सेकंद. चाळीस असतील.
छपराचा पत्रा वारा सोलत होता.
"मार्चमध्ये आई वारली," ती म्हणाली,
"आणि तू फोनवर विचारलंस, मग शनिवारी कोण येणार?"

चार महिन्यांनी मी पुन्हा "तू" झाले होते.

"वडील आता बेटावर एकटे.
हात सारखा खिशात, फोनवर असतो,
कधी वाजेल म्हणून.
किल्ली तिथेच राहून जाते."

चूक पदरात घे म्हणावं,
तर दोघींनाही पदर नाही,
गणवेशाचे दोन-दोन खिसे तेवढे.
तरी म्हणाले काहीतरी. काय, ते आठवत नाही.
त्याची कुठे नोंद नाही.

माफ केलं, असं ती म्हणाली नाही.
शेवटची चादर घडीवर ठेवून म्हणाली,
"तीन कमी आहेत. लिहून घे."

मी लिहून घेतलं.